दादाच्या पिकाची काळोखी

माझा थोरला भाऊ रोज संध्याकाळी रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसायचा. लोकांना वाटायचं, बिचारा दिवसभर राबून वारा खायला बसलाय. वारा कसला खातोय. तो आपल्या शेताची स्तुती ऐकायला बसायचा.

त्याची एक पद्धत होती. कोणी सायकलवरून येताना दिसला की दादा त्याला थांबवायचा. आधी घरच्यांची चौकशी, मग गुरांची, मग त्याच्या दुखऱ्या गुडघ्याची. आणि मग, जणू आत्ताच आठवलं अशा थाटात, शेताकडे मान वळवून विचारायचा की काय, कसं काय वाटतंय? समोरचा "बरं आहे की" म्हणाला, तर दादाचा चेहरा उतरायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी युरियाचं पोतं बांधावर हजर. समोरचा म्हणाला, "वा दादा, काय काळोखी आहे पिकाला," तर पोतं घरात आणि दादा जेवायला दोन घास जास्त.

काळोखी म्हणजे भाताच्या पिकाचा तो गर्द हिरवा रंग, लांबून बघितला तर काळसर वाटतो. आमच्या गावात शेतकऱ्याची अब्रू त्या रंगावर ठरायची. दाणा किती भरला हे घरात कळतं, पण काळोखी रस्त्यावरून दिसते. त्यामुळे खत सगळेच सढळ हाताने टाकायचे. दादाचा हात मात्र सगळ्यांहून सढळ. सगळ्या शेतात फेकून झालं तरी त्याला वाटायचं कुठेतरी कमी पडलंय, मग परत फिरून आणखी एकेक मूठ. गावाने त्याचं नाव 'जास्तीची मूठ' ठेवलं होतं. तोंडावर दादा, पाठीमागे जास्तीची मूठ.

आता हा असा का वागायचा ते सांगतो. गावात ते फक्त मला ठाऊक होतं, निदान मला तसं वाटायचं. दादाला हिरवा रंग ओळखता येत नव्हता. हिरवा, पिवळा, तपकिरी, विटकरी, सगळे त्याच्या डोळ्यांना एकाच आईची लेकरं. जन्मापासूनच.

आमची शाळा एका खोलीची. एकदा गुरुजींनी झाड काढायला सांगितलं. दादाने झकास झाड काढलं, फांद्यांवर पक्षी, खाली सावलीत बसलेला कुत्रा, आणि पानं सगळी मातकट तपकिरी. गुरुजींनी विचारलं की हे झाड वाळलंय का रे. सगळा वर्ग हसायच्या तयारीत. दादा क्षणभर थांबला आणि म्हणाला की हो गुरुजी, पाणी नाही मिळालं. गुरुजींनी त्याला शाबासकी दिली, की पोराची नजर बारीक आहे. त्या दिवसापासून दादाने ठरवूनच टाकलं की आपल्याला काय दिसत नाही हे कोणाला कळता कामा नये, आणि प्रत्येक प्रश्नाला एक उत्तर खिशात तयार ठेवायचं.

आणि ठेवायचा तो. टोमॅटो आणायला गेला की एकेक दाबून, हुंगून, कानाशी नेऊन बघायचा. भाजीवाली म्हणायची, काय बोलतोय का तो तुमच्याशी? तरी पिशवीत निम्मे कच्चे निघायचे. सदरे तो स्पर्शाने ओळखायचा, हा खरखरीत तो कामाचा, हा मऊ तो बाहेर जायचा. शहराची बस आणि कारखान्याची बस, एक हिरवी आणि एक तपकिरी. दादा त्या ओळखायचा ड्रायव्हरच्या मिशांवरून. एकदा ड्रायव्हरने मिशा काढल्या आणि दादा थेट कारखान्याच्या दारात जाऊन उतरला. घरी येऊन सांगितलं की एका मित्राला भेटायला मुद्दाम गेलो होतो. मित्राचं नावही सांगितलं. असा माणूस त्या कारखान्यात कधी नव्हता.

हसतोय मी, पण शेताच्या बाबतीत हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. भाताला नत्र कमी पडलं की पान पिवळट होतं, आणि शेतकरी ते बघून खत देतो. दादाला ते पिवळं व्हायला लागलेलं दिसायचंच नाही. म्हणजे आपलं लेकरू भुकेलं आहे की पोट भरून झोपलंय हे आईला कळू नये, तसं. मग ती आई काय करील? सारखं भरवत राहील. दादा तेच करायचा. उपाशी राहायला नको एवढंच त्याच्या मनात. आणि रस्त्यावरच्या माणसाने काळोखीची पावती दिली की त्याला हायसं वाटायचं.

पण पिकाचं असं आहे की त्याला अती भरवलं तर ते उंच वाढतं, पानं माजतात, काडी पोकळ आणि लुसलुशीत राहते. मग कणसं भरायच्या वेळी जरा वारा-पाऊस झाला की सगळं लोळतं. दादाचं पीक दरवर्षी लोळायचं. गावात इतरांचंही थोडंथोडं लोळायचं, पण दादाचं तर कोणीतरी चटई अंथरावी तसं सपाट. लोळलेल्या पिकात कापणीचं यंत्र चालत नाही, ते विळ्याने कापावं लागतं. उभं पीक कापायला वाकावं लागतं तितकंच वाकून भागत नाही, पडलेली काडी आधी चिखलातून उचलायची, मग झटकायची, मग कापायची. आणि हे कोण करणार? दादा आणि माझी वहिनी.

वहिनीबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. दादा जितका बोलका तितकी वहिनी मितभाषी. ती हसायची ते पण अर्धंच, उरलेलं हसू ती बहुतेक घरी नेऊन एकटी असताना हसायची. घरातली परसबाग तिची, कोंबड्या तिच्या, शेतातलं पाणी आणि खत दादाचं, कापणी दोघांची. अशी वाटणी लग्नानंतर लगेचच झाली, कोणी कागदावर केली नाही, पण कोणी मोडलीही नाही.

त्या वर्षी कापणी संपता संपता वहिनीच्या कमरेने असहकार पुकारला. ती पडवीत जमिनीवर पालथी झोपून कोंबड्यांना सूचना देत होती, आणि नेमका तेव्हा माझा पुतण्या, म्हणजे दादाचा मुलगा, शहरातून आला. तो तिथे लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर त्या यंत्राच्या पोटात डोकं घालून बसायचं काम, त्यामुळे बोलतोही बटण दाबल्यासारखं, थोडं आणि थेट. आईजवळ बसला, तिची कंबर शेकली, आणि मग अंगणात येऊन बापाला म्हणाला,

"बाबा, पुढच्या वर्षी पीक पुन्हा लोळलं तर शेत शेजाऱ्याला कसायला द्यायचं. तुम्ही दोघांनी माझ्याकडे यायचं. आईला मी आता विळा धरू देणार नाही."

दादा म्हणाला, "बरं."

दादाचं 'बरं' मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्यात वाद घालायची खुमखुमी असते. त्या दिवशीच्या 'बरं'मध्ये ती नव्हती. पोरगा चुकीचं बोलत नव्हता, हे त्यालाही कळत होतं. पण मुलाच्या घरी तो एकदा राहून आला होता. चौथ्या मजल्यावरची गॅलरी, खाली सगळे घाईत. तिथे "कसं काय वाटतंय" म्हणून विचारायला कबुतरंच. शेत गेलं तर दादाचं काय होईल याची मला कल्पनाच करवेना. त्याला दुसरं काही येतही नव्हतं आणि दुसरं काही आवडतही नव्हतं.

पुढच्या हंगामात लावणी झाल्यावर आमच्या गावात शेतीच्या बाई आल्या. सल्ला द्यायचं त्यांचं काम. वयाने माझ्या नातीएवढ्या, पण पायात चिखलाचे बूट आणि आवाज असा की मागच्या रांगेतला डुलक्या घेणाराही जागा. शाळेच्याच खोलीत सगळ्यांना बसवलं. त्या म्हणाल्या की आपण टाकतो त्यातलं निम्मंसुद्धा खत बरेचदा पिकाच्या पोटात जात नाही. काही पाण्याबरोबर ओढ्यात उतरतं, आणि म्हणून ओढ्यावर तो शेवाळाचा तवंग धरतो. काही वायू होऊन हवेत जातं. त्यातला एक वायू पृथ्वीवर पांघरुणासारखा बसतो, धुरातल्या वायूपेक्षा कितीतरी पट जास्त ऊब धरून ठेवतो, आणि एकदा वर गेला की आपल्या नातवंडांच्या नातवंडांपर्यंत तिथेच. शिवाय युरिया तयार करायलाच कारखान्यात ढीगभर इंधन लागतं, म्हणजे पोतं गावात पाऊल ठेवायच्या आधीच हवा तापवून आलेलं असतं.

आमच्या गावात एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे रेडिओ म्हणतात, कारण ते बंद होत नाहीत. रेडिओंनी विचारलं की या वायूचं नाव काय. बाई म्हणाल्या, नायट्रस ऑक्साइड, दाताचे डॉक्टर तोच हुंगायला देतात, त्याने दुखणं कमी होतं आणि माणूस हसतो. रेडिओ म्हणाले की मग आमच्या गावाने एवढा वायू काढला, आम्ही अजून रडतोय कसे? बाई सगळ्यांत मोठ्याने हसल्या. मला ती पोरगी तिथेच आवडली.

मग त्यांनी प्रत्येकाला एक पट्टी दिली. प्लास्टिकची, शाळेतल्या मोजपट्टीसारखी, आणि तिच्यावर हिरव्या रंगाच्या छटा ओळीने, पिवळट हिरव्यापासून गर्द हिरव्यापर्यंत. शेतात जायचं, वेगवेगळ्या ठिकाणची दहा पानं घ्यायची, तोडायची नाहीत, रोपावरच धरायची. वरचं, पूर्ण उघडलेलं पान, आणि त्याचा मधला भाग. पट्टीवर ठेवून बघायचं की रंग कुठल्या छटेशी जुळतो. तिसऱ्या छटेवर बाईंनी खूण करून दिली. निम्म्याहून जास्त पानं त्याहून फिकट असतील तर खत द्या, थोडंसं, शेतातलं पाणी काढून, चिखलावर. नसतील तर पीक पोटभर जेवलंय, घरी जा. तीन गोष्टी त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितल्या. दर वेळी सारख्याच वेळेला बघायचं. दर वेळी एकाच माणसाने बघायचं. आणि उन्हात नाही, आपल्या अंगाच्या सावलीत धरून बघायचं, कारण उन्हात पान चमकतं आणि रंग फसवतो.

सगळे पट्टी उलटीसुलटी करून बघत होते. दादाने ती न बघताच खिशात ठेवली. मी त्याच्या शेजारी बसलो होतो. मला त्याचा चेहरा बघवेना. जन्मभर ज्या परीक्षेला तो बसला नाही, ती कोणीतरी थेट खिशात आणून दिली होती.

पण माणूस हट्टी. लोळलं तर शेत गेलं, हे डोक्यात पक्कं, आणि न लोळण्याचा उपाय त्या पट्टीत आहे हेही त्याला पटलं होतं. दुसऱ्या दिवशी तो एकटाच शेतात गेला. पान धरलं, पट्टी धरली, उन्हात, सावलीत, डोळे बारीक करून, एक डोळा मिटून. फार गडद आणि फार फिकट यातला फरक त्याला कसाबसा कळायचा, पण शेजारशेजारच्या छटा त्याला जुळ्या भावांसारख्या. आणि कळेना तेव्हा त्याने तेच केलं जे तो आयुष्यभर करत आला. घरी येऊन सांगितलं की सगळी पानं पहिल्या छटेची आहेत, पीक उपाशी आहे. पोतं बांधावर नेऊन ठेवलं.

त्याच दुपारी वहिनी बांधावर गवत कापायला गेली होती. यापुढचं मला वहिनीनेच सांगितलं, बऱ्याच दिवसांनी, तेही अर्धंच. उरलेलं अर्धं दादाने सांगितलं, तिखटमीठ लावून, ते मी काढून टाकलंय.

वहिनीने बघितलं तर पीक चांगलं गर्द. पहिली छटा तर लांबच. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा खताला निघाला तेव्हा ती त्याच्या मागोमाग चालू लागली. बांधावर पोचल्यावर म्हणाली की मला पण दाखवा ती पट्टी, सगळं गाव बघतंय. दादाने पट्टी काढून दिली. तिने एका पानापाशी वाकून ती धरली आणि लगेच सरळ झाली.

"अहो, हे ऊन बघा. बाईंनी सांगितलंय ना, सावलीत बघायचं. माझं अंग ते केवढं, त्याची सावली ती किती पडणार? तुम्ही असे इथे उभे राहा. तुम्ही सावली धरा, मी पान धरते."

दादा उन्हाकडे पाठ करून उभा राहिला. चांगला धिप्पाड माणूस तो. त्याच्या सावलीत वहिनी, पान आणि पट्टी, तिन्ही मावली. तिने बघितलं आणि सांगितलं की खुणेच्याही पुढे आहे. मग दुसऱ्या ठिकाणी गेली, दादा मागे गेला, सावली धरून उभा राहिला. तिसऱ्या ठिकाणीही तसंच. चौथ्या ठिकाणी दादा म्हणाला,

"मला त्या पट्टीवर सगळं सारखंच दिसतं."

वहिनीने पानावरची नजर काढली नाही. "ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा टोमॅटो आणलेत तेव्हापासून."

दादाने एक पाऊल सरकून सावली नीट धरली. मग म्हणाला, "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या मेहनतीने लपवत होतात. म्हटलं, राहू दे."

हे सांगताना दादाचे डोळे भरून येतात, अजूनही. इतकी वर्षं तो कपाटासमोर सदरे चाचपत उभा राहायचा आणि त्याला वाटायचं आपण काय हुशार. ते सदरे त्याला सापडतील असे तीच लावून ठेवत होती, मऊ उजवीकडे, खरखरीत डावीकडे. पण खताचं मात्र तिच्या लक्षात आलं नव्हतं. तिला वाटायचं, पिकाचं यांना दुसऱ्या कशानेतरी कळत असेल, हाताने, वासाने. सगळं गावच भरमसाट टाकतं, तसे हेही टाकतात. आणि खत दादाचं, ती वाटणी तिने कधी ओलांडली नाही.

त्या दिवशी पोतं परत घरी गेलं.

मग सुरू झाला त्यांचा नेम. ठरलेल्या दिवशी सकाळी दोघं निघायची, पुढे वहिनी, मागे दादा. लांबून बघणाऱ्याला वाटावं की बाई काहीतरी हरवलेलं शोधतेय आणि नवरा नुसता उभा आहे. गावाने टिंगल केली नाही तर ते गाव कसलं. कोणी म्हणालं की दादाने छत्रीची नोकरी धरली. रेडिओंनी विचारलं की छत्री भाड्याने मिळेल का, आमच्याही घरी हवी आहे. दादा म्हणायचा की मिळेल, पण ही छत्री जेवते फार. खरं म्हणजे इतका खुशीत मी त्याला कधी पाहिला नव्हता. एकदा लपवायचं काही उरलं नाही म्हटल्यावर त्याला चौकशीचा नादच लागला. ओढ्याचा रंग कसा आहे गं? आणि त्या पक्ष्याचा? आणि धाकट्याच्या, म्हणजे माझ्या, नव्या सदऱ्याचा? वहिनीने सांगितलं असावं, कारण पुढच्या भेटीत दादा माझ्याकडे बघून बराच वेळ हसला आणि कारण सांगेना.

एकदा असंही झालं की वहिनीने पानं बघितली आणि म्हणाली, आज द्या. बहुतेक सगळी पानं खुणेपेक्षा फिकट होती. दादाने पाणी काढलं, चिखलावर मोजकं खत फेकलं, मग पाणी सोडलं. संध्याकाळी मोरीवर बसून मला म्हणाला की आज पहिल्यांदा मला कळलं, त्याला भूक लागली होती म्हणून मी वाढलं.

पण खरा पेच पुढे आला. कणसं धरायच्या आधी गावातल्या सगळ्यांनी शेवटचं खत टाकलं. त्यातले बरेच जण पट्टी घरात खिळ्याला लटकवून मोकळे झाले होते. त्यांच्या शेतांना अशी काळोखी चढली की विचारू नका. मधोमध दादाचं शेत, नुसतं हिरवं. मीही बघितलं, फिकं वाटत होतं. एका संध्याकाळी रेडिओ मोरीपाशी थांबले, आणि या वेळी चेष्टा न करता, काळजीने म्हणाले की दादा, राग मानू नकोस, तुझं शेत पिवळं पडलंय. त्यांच्या मागून आलेल्यानेही तेच सांगितलं. तिसऱ्याला दादाने स्वतःच विचारलं.

सकाळी मी माझ्या शेताकडे जात होतो तर दादा बांधावर, पायाशी तोंड उघडलेलं पोतं, आणि मूठ खताने भरलेली. वहिनी समोर उभी. मी थांबलो. दादाची दशा मला दिसत होती. सगळं गाव एक सांगतंय, बायको दुसरं सांगतेय, आणि खरं काय ते समोर पसरलंय, सगळ्यांना दिसतंय, फक्त त्याला दिसत नाही. टाकलं आणि लोळलं, तर शेत गेलं. नाही टाकलं आणि दाणा भरला नाही, तर पोरगा म्हणणारच की बाबा, आता होत नाही तुमच्याने. तरी शेत गेलं.

वहिनीने वाद घातला नाही. तिने पट्टी काढली आणि वाट बघत उभी राहिली. दादा भरल्या मुठीनेच जाऊन सूर्याकडे पाठ करून उभा राहिला. तिने एकेक करून दहाही पानं बघितली, घाई न करता. शेवटचं पान सोडून ती उठली, कमरेला हात लावून.

"शेजाऱ्यांच्या काळ्या शेतांमध्ये ते पिवळं दिसतंय. पट्टीवर ते खुणेच्या बरोबरीचं आहे. खायला आहे त्याला." मग जरा थांबून म्हणाली, "शेत तुमचं आहे. टाकायचं तर टाका. मला जे दिसलं ते मी सांगितलं."

दादाने गावाकडे बघितलं, शेताकडे बघितलं, आणि मग तिच्या कमरेवरच्या हाताकडे. तो हात मात्र त्याला स्वच्छ दिसत होता. त्याने पोत्याचं तोंड बांधलं. पण मुठीतलं खत? ते त्याच्या हाताला परत ठेववेना. जन्माची सवय. त्याने ते तिथल्या तिथे बांधालगत शेताच्या कोपऱ्यात टाकून दिलं आणि पोतं खांद्यावर घेऊन घरी निघाला. त्यानंतर कापणीपर्यंत तो मोरीवर बसला नाही.

कणसं भरत आली आणि वारा सुटला. पाऊसही असा की आडवा. आपल्या घरातून आपल्याला काही करता येत नाही, आणि पीक तिकडे एकटं. पाऊस थांबल्यावर मी दादाकडे गेलो तर तो चपला घालून उंबऱ्यात बसलेला, पण उठत नव्हता. वहिनी म्हणाली की चला, जे असेल ते असेल. आम्ही तिघं निघालो.

शेजाऱ्याचं शेत आधी लागतं. त्यात कोणीतरी मोठं जनावर लोळून गेल्यासारखे खळगे पडलेले. त्यापुढचंही तसंच. दादा मान खाली घालून चालत होता. वहिनी पुढे होती, ती थांबली म्हणून तो थांबला, आणि त्याने वर बघितलं.

शेत उभं होतं. कणसं वाकली होती, पाणी ठिबकत होतं, पण काड्या उभ्या. उभं आणि आडवं ओळखायला रंग लागत नाही. दादाला ते दिसलं, आम्हाला दिसलं तितकंच. तो बांधावर चिखलात तसाच खाली बसला. एका कोपऱ्यात मात्र खाटेएवढा तुकडा सपाट झोपलेला होता, त्या मुठीची करामत. वहिनी त्याच्याकडे बघून हसली, आणि त्या दिवशी ती पूर्ण हसली.

कापणीला पुतण्या आला. येताना रस्त्यात सगळी लोळलेली शेतं बघत आला असणार, कारण तो तोंड आवळूनच आला. आईला नमस्कार, बापाला नमस्कार, आणि थेट शेतावर. आम्ही मागोमाग. तो बांधावरून एक फेरी मारून आला. कणीस तोडून तळहातावर चोळलं, दाणा दाताखाली घेतला. मग मला विचारलं, काका, हे कसं झालं? मी म्हटलं, तुझ्या बापाने सावली धरली. त्याला अर्थातच काही कळलं नाही. तेव्हा दादानेच सांगितलं, पट्टीचं, पानांचं, आणि त्याच्या डोळ्यांचंही. मुलाला पहिल्यांदाच. पुतण्या ऐकत राहिला.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "यंत्र कुठून घालायचं, बाबा? या टोकाने की त्या?"

एवढंच. कसायला द्यायची गोष्ट त्याने काढली नाही, आणि दादानेही आठवण करून दिली नाही. यंत्र ओढ्याकडच्या टोकाने शिरलं. तो कोपऱ्यातला खाटेएवढा तुकडा दादाने स्वतः विळ्याने कापला, वहिनीला विळ्याला हातही लावू दिला नाही. ती बांधावर पाय सोडून बसली होती, कापणीच्या दिवशी रिकाम्या हातांनी, आणि त्या हातांचं काय करायचं हे तिला सुचत नव्हतं.

तेवढं काम आटोपून दादा तिच्याजवळ येऊन बसला. निम्मं शेत अजून उभं होतं, ऊन तिरपं झालं होतं. त्याने विचारलं की आता कसं दिसतंय गं? ती म्हणाली की सोनेरी झालंय सगळं, पिकलंय, फार छान दिसतंय.

दादा बराच वेळ बघत राहिला.

"मला तर हे लावणीपासून असंच दिसतं," तो म्हणाला.